पासोकीकरण म्हणजे काय? ग्रीसच्या कामगारांनी आपल्याच डाव्या पक्षांकडे पाठ का फिरवली?

ऑक्टोबर २००९ मध्ये ग्रीसमध्ये निवडणूक झाली आणि पासोक हा समाजवादी पक्ष ४३.९ टक्के मतं घेऊन सत्तेत आला. ३० लाखांहून जास्त लोकांनी त्याला मत दिलं होतं. जानेवारी २०१५ मध्ये याच पक्षाला ४.७ टक्के मतं पडली. एकूण मतं तीन लाखांहूनही कमी.

म्हणजे सव्वापाच वर्षांत दहापैकी नऊ मतं गेली.

युरोपातल्या एखाद्या मोठ्या, जुन्या पक्षाची एवढी घसरगुंडी क्वचितच झाली असेल. त्यावरून राजकारणाच्या चर्चेत एक शब्दच तयार झाला, 'पासोकीकरण'. कामगारांच्या जिवावर मोठा झालेला डावा पक्ष सत्तेत येतो, पगार-पेन्शन कापणारी धोरणं स्वतःच राबवतो आणि त्यात आपला हक्काचा मतदार गमावून बसतो, असा या शब्दाचा अर्थ.

पण ग्रीसची गोष्ट पासोकवर संपत नाही. चिडलेल्या लोकांनी त्याहून डाव्या पक्षाला निवडून दिलं, आणि काही महिन्यांतच त्याच्याबाबतीतही तोच अनुभव आला. हे नेमकं कसं घडलं?

पासोक कामगारांचा पक्ष कसा झाला?

दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीसमध्ये यादवी युद्ध झालं आणि त्यात डावे हरले. पुढची अनेक वर्षं डाव्या विचारांच्या माणसाला सरकारी नोकरी मिळणं अवघड होतं, कारण त्यासाठी पोलिसांकडून वर्तणुकीचा दाखला लागायचा. १९६७ ते १९७४ या काळात तर लष्कराचीच राजवट होती.

ती राजवट कोसळल्यावर सप्टेंबर १९७४ मध्ये आंद्रेआस पापांद्रेऊ यांनी पासोकची स्थापना केली. १९८१ मध्ये 'बदल' या एका शब्दाच्या घोषणेवर पक्षाने ४८ टक्के मतं मिळवली. सत्तेत आल्यावर पगार आणि पेन्शन वाढवली, १९८३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली, महायुद्धात नाझींशी लढलेल्या डाव्यांना अधिकृत मान्यता दिली.

पिरियस बंदरातल्या गोदी कामगारासाठी किंवा अथेन्सच्या पश्चिम उपनगरातल्या गवंड्यासाठी हे पहिलं 'आपलं' सरकार होतं. पुढच्या ३० वर्षांत बहुतांश काळ पासोकच सत्तेत होता.

या नात्याला एक दुसरी बाजूही होती. पक्षाची चिठ्ठी असेल तर नोकरी, युनियनचा नेता ओळखीचा असेल तर बदली, असा वशिल्याचा कारभार पासोकने वाढवला. उजवा न्यू डेमोक्रसी पक्षही यात मागे नव्हता. त्यामुळे अनेकांसाठी पक्ष म्हणजे विचारापेक्षा सोय होती. तिजोरीत पैसा होता तोवर हे चाललं.

२०१० मध्ये काय झालं?

२००९ च्या प्रचारात पासोकचे नेते जॉर्ज पापांद्रेऊ, म्हणजे आंद्रेआस यांचे चिरंजीव, लोकांना सांगत होते, "पैसा आहे." पगारवाढीचं आश्वासनही दिलं होतं.

निवडून आल्यावर काही दिवसांतच नव्या सरकारने जाहीर केलं, की देशाची तूट आधी सांगितली होती त्याच्या कितीतरी पट जास्त आहे. जीडीपीच्या १२.७ टक्के. नंतर हा आकडा आणखी वर गेला, १५ टक्क्यांच्याही पुढे.

ग्रीसला कर्ज देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. एरवी असा देश आपल्या चलनाची किंमत कमी करून थोडी वाट काढतो. ग्रीसकडे ती सोय नव्हती, कारण २००१ पासून चलन होतं युरो, आणि युरोचे निर्णय अथेन्समध्ये होत नाहीत.

२३ एप्रिल २०१० रोजी पापांद्रेऊ यांनी कास्तेलोरिझो नावाच्या छोट्या बेटावरून टीव्हीवर भाषण केलं आणि मदत मागितली. मे महिन्यात युरो देश आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी मिळून ११० अब्ज युरोंचं कर्ज मंजूर केलं. युरोपियन कमिशन, युरोपियन सेंट्रल बँक आणि नाणेनिधी या तिघांना मिळून 'त्रोइका' म्हटलं जाऊ लागलं. कर्जाच्या अटी या त्रोइकाने ठरवल्या. सरकारी खर्च कापा, कर वाढवा, सरकारी मालमत्ता विका.

कपात घरापर्यंत कशी पोहोचली?

कागदावर 'खर्चकपात' हा साधा शब्द दिसतो. घराच्या हिशोबात तो असा दिसला:

- ग्रीसमध्ये वर्षाला १४ पगार मिळायचे. नाताळ, ईस्टर आणि उन्हाळी सुट्टीला मिळणारी ही जादा रक्कम, आपल्याकडच्या दिवाळी बोनससारखी. सरकारी कर्मचारी आणि पेन्शनरांच्या या रकमेला आधी कात्री लागली, २०१३ पासून ती पूर्ण बंद झाली.
- वस्तूंवरचा व्हॅट २०१० या एकाच वर्षात १९ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर गेला.
- २०११ मध्ये घरावर नवा कर लावला आणि तो थेट वीजबिलात टाकला. कर भरला नाही तर वीज तोडण्याचा इशारा.
- २०११ च्या ऑक्टोबरमध्ये कायदा बदलला. आधी अख्ख्या उद्योगासाठी युनियनने केलेला पगाराचा करार सगळ्या कंपन्यांना पाळावा लागायचा. आता एखादी कंपनी त्याहून कमी पगाराचा करार करू शकत होती.
- फेब्रुवारी २०१२ मध्ये किमान वेतन महिना ७५१ युरोंवरून ५८६ युरोंवर आणलं. २५ वर्षांखालच्यांसाठी ५११ युरो.

यातला शेवटचा निर्णय सोडला तर बाकीची सुरुवात पासोकच्या स्वतःच्या सरकारने केली. शेवटचा निर्णय ज्या आघाडी सरकारने घेतला, त्यातही पासोक होताच.

२०१३ पर्यंत बेरोजगारी २७ टक्क्यांच्या पुढे गेली. तरुणांमध्ये तर निम्म्याहून जास्त जणांना काम नव्हतं. देशाची अर्थव्यवस्था जवळपास एक चतुर्थांशाने आकसली.

"सगळ्यांनी मिळून खाल्लं"

पैसे कमी झाले म्हणून लोक चिडले, हे अर्धंच उत्तर आहे. दुसरं कारण होतं दोष कुणाच्या माथी मारला गेला ते.

सप्टेंबर २०१० मध्ये पासोक सरकारचे उपपंतप्रधान थिओडोरोस पांगालोस संसदेत म्हणाले, की सरकारी पैसा "आपण सगळ्यांनी मिळून खाल्ला." वशिल्याने नोकऱ्या घेतल्या, आता सगळ्यांनीच भरा, असा त्यांचा रोख होता.

हे वाक्य ग्रीसमध्ये आजही लोकांच्या तोंडी आहे. खासगी दुकानात किमान वेतनावर काम करणाऱ्या मुलीने काय खाल्लं होतं? पेरामाच्या जहाजदुरुस्ती यार्डातल्या रोजंदारीवरच्या वेल्डरने काय खाल्लं होतं? सरकारी नोकरीचा फायदा त्यांच्यापर्यंत कधी पोहोचलाच नव्हता.

दुसरीकडे खरंच खाणारे कोण होते, तेही समोर येत होतं. पासोकच्या संस्थापकांपैकी एक आणि माजी संरक्षणमंत्री आकिस त्सोहात्झोपुलोस यांना एप्रिल २०१२ मध्ये अटक झाली. शस्त्रखरेदीतल्या लाचेचा पैसा फिरवल्याच्या प्रकरणात २०१३ मध्ये त्यांना २० वर्षांची शिक्षा सुनावली गेली.

युनियन काय करत होत्या?

संप होत होते. २०१० ते २०१२ या काळात ग्रीसमध्ये सार्वत्रिक संपांची रांगच लागली. सिंताग्मा चौकात, संसदेसमोर, लाखो लोक जमत होते. ५ मे २०१० च्या मोर्चात एका बँकेला आग लावली गेली आणि आतले तीन कर्मचारी मेले.

पण खासगी क्षेत्रातल्या कामगारांच्या सर्वांत मोठ्या महासंघाचं नेतृत्व पासोकच्याच गटाकडे होतं. कपात करणाऱ्या सरकारचा पक्ष आणि त्याविरोधात संप पुकारणारा नेता, दोघे एकाच घरचे. मार्च २०१० मध्ये या महासंघाचे अध्यक्ष सभेत बोलत असताना आंदोलकांनी त्यांच्यावरच हल्ला केला.

अथेन्सजवळच्या आस्प्रोपिर्गोसमध्ये पोलाद कारखान्याच्या कामगारांनी ऑक्टोबर २०११ मध्ये संप सुरू केला. मालकाला कामाचे तास आणि त्यासोबत पगार कमी करायचा होता. संप जवळपास नऊ महिने चालला. जुलै २०१२ मध्ये सरकारने दंगलविरोधी पोलीस पाठवून गेट मोकळं केलं. त्या सरकारला पासोकचा पाठिंबा होता.

सप्टेंबर २०१३ मध्ये अर्थमंत्रालय आणि करखात्याच्या कार्यालयांत सफाईचं काम करणाऱ्या ५९५ महिलांना कामावरून काढण्यात आलं. काम कंत्राटदाराकडे गेलं. या महिला लाल रबरी हातमोजे घालून मंत्रालयाबाहेर ठिय्या देऊन बसल्या, दीड वर्षाच्या आसपास.

मतं कुठे गेली?

नोव्हेंबर २०११ मध्ये पापांद्रेऊ यांना पायउतार व्हावं लागलं. त्याआधी त्यांनी कर्जाच्या अटींवर सार्वमत घ्यायची घोषणा केली होती, पण युरोपातून दबाव आल्यावर ती मागे घेतली. त्यांच्या जागी आले लुकास पापादेमोस, युरोपियन सेंट्रल बँकेचे माजी उपाध्यक्ष. ते निवडून आलेले नव्हते. त्यांच्या सरकारमध्ये पासोक आणि न्यू डेमोक्रसी, म्हणजे ३५ वर्षांचे कट्टर विरोधक, शेजारी-शेजारी बसले.

मे २०१२ च्या निवडणुकीत पासोक १३.२ टक्क्यांवर आला. त्याच वेळी सिरिझा हा छोटा डावा पक्ष, ज्याला २००९ मध्ये ४.६ टक्के मतं होती, तो १६.८ टक्क्यांवर पोहोचला. महिनाभराने फेरनिवडणूक झाली तेव्हा २६.९ टक्के.

काही मतं नव-नाझी गोल्डन डॉनकडेही गेली. २००९ मध्ये ०.३ टक्के असलेला हा पक्ष २०१२ मध्ये ७ टक्क्यांवर गेला. पण 'डावे पडले की कामगार थेट कडव्या उजव्यांकडे जातो' असं समीकरण ग्रीसमध्ये पहिल्या टप्प्यात दिसलं नाही. पासोक सोडणाऱ्यांतला मोठा हिस्सा आणखी डावीकडे वळला होता. म्हणजे लोकांचा डाव्या विचारावर राग नव्हता. राग होता तो विचार गुंडाळून ठेवणाऱ्या पक्षावर.

सिरिझाकडून काय अपेक्षा होती?

सप्टेंबर २०१४ मध्ये सिरिझाचे नेते अलेक्सिस त्सिप्रास यांनी थेसालोनिकीमध्ये कार्यक्रम जाहीर केला. किमान वेतन पुन्हा ७५१ युरो, कमी पेन्शन असणाऱ्यांना तेरावी पेन्शन, सामूहिक करारांचा हक्क परत.

जानेवारी २०१५ मध्ये सिरिझा ३६.३ टक्के मतं घेऊन जिंकला. बहुमताला दोन जागा कमी पडल्या आणि एका छोट्या उजव्या पक्षाची साथ घ्यावी लागली. सुरुवातीला काही शब्द पाळलेही गेले. मंत्रालयाच्या सफाई कामगार महिला पुन्हा कामावर आल्या. पिरियस बंदराची विक्री थांबवल्याची घोषणा झाली.

पण कर्ज देणाऱ्यांशी बोलणी अडकली. जूनच्या शेवटी बँका बंद झाल्या. एटीएममधून दिवसाला फक्त ६० युरो मिळत होते. त्सिप्रास यांनी सार्वमत घेतलं. प्रश्न होता, कर्ज देणाऱ्यांच्या अटी मान्य आहेत का?

५ जुलै २०१५ ला ६१.३ टक्के लोकांनी सांगितलं, 'नाही'. मतांची विभागणी वर्गानुसार स्पष्ट दिसत होती. एकालीसारख्या श्रीमंत उपनगरात 'होय'ला मोठं बहुमत होतं, तर पिरियसच्या कामगार वस्त्यांत 'नाही'चं प्रमाण देशाच्या सरासरीहून जास्त होतं. एटीएमसमोर रांगेत उभं राहून, पगार-पेन्शन अडकायची भीती असतानाही या लोकांनी 'नाही' म्हटलं.

आठ दिवसांनी, १३ जुलैच्या सकाळी, ब्रसेल्समध्ये सुमारे १७ तासांच्या बैठकीनंतर त्सिप्रास यांनी करार स्वीकारला. ८६ अब्ज युरोंपर्यंतचं नवं कर्ज आणि त्यासोबत नव्या अटी.

'नाही' म्हटल्यावरही 'होय' झालं, पुढे काय?

त्सिप्रास यांचं म्हणणं होतं, की करार केला नसता तर ग्रीस युरोबाहेर फेकला गेला असता, बँका बुडाल्या असत्या आणि सर्वांत जास्त मार गरिबांनाच बसला असता. हा युक्तिवाद खोडून काढणं सोपं नाही. पण मतदाराने त्यातून काढलेला अर्थ वेगळा होता. कुणालाही मत द्या, कागद तोच राहणार.

पुढच्या काही वर्षांत सिरिझा सरकारने हे केलं:

- सर्वांत कमी पेन्शन असलेल्यांना मिळणारा पूरक भत्ता टप्प्याटप्प्याने बंद करायचा कायदा केला.
- व्हॅट २४ टक्के केला.
- जे बंदर विकणार नाही म्हटलं होतं, त्या पिरियस बंदर प्राधिकरणाचा ५१ टक्के हिस्सा २०१६ मध्ये चीनच्या कॉस्को कंपनीला विकला.
- जानेवारी २०१८ मध्ये संपाचा कायदा कडक केला. स्थानिक युनियनला संप ठरवायचा तर वर्गणी भरलेल्या सदस्यांपैकी किमान निम्मे हजर हवेत, अशी अट आली.

त्याच सरकारने विमा नसलेल्यांना सरकारी रुग्णालयांत उपचार खुले केले आणि २०१९ मध्ये किमान वेतन ६५० युरो केलं, हेही खरं. पण डाव्या सरकारच्या काळात संप करणं अवघड झालं, ही गोष्ट संघटित कामगारांच्या लक्षात राहिली.

दुसऱ्या वेळी मतदार कुठे गेला?

पहिल्यांदा विश्वास तुटला तेव्हा मतदाराने दुसरा डावा पक्ष शोधला. दुसऱ्यांदा तुटल्यावर अनेक जण घरीच बसले.

२००९ मध्ये मतदान झालं होतं सुमारे ७१ टक्के. सप्टेंबर २०१५ मध्ये ते ५७ टक्क्यांच्या खाली आलं. सिरिझा पुन्हा जिंकला, पण मतपेटीकडे येणारेच कमी झाले होते. करार नाकारून बाहेर पडलेल्या नेत्यांचा नवा डावा पक्ष ३ टक्केही गाठू शकला नाही. जून २०२३ मध्ये मतदान ५३ टक्क्यांच्या आसपास होतं. यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. संकटाच्या काळात सुमारे चार लाख लोक देश सोडून गेल्याचा अंदाज आहे आणि त्यातल्या अनेकांची नावं मतदार यादीत कायम असल्याने टक्केवारी आणखी कमी दिसते. तरीही घसरण मोठीच आहे.

मे २०२३ मध्ये उजव्या न्यू डेमोक्रसीने ५९ पैकी ५८ मतदारसंघांत पहिला क्रमांक मिळवला. त्यात पिरियस आणि पश्चिम अथेन्सच्या जुन्या कामगार वस्त्याही आल्या. जूनच्या फेरनिवडणुकीत सिरिझा १७.८ टक्क्यांवर घसरला आणि त्सिप्रास यांनी पक्षाचं नेतृत्व सोडलं.

इतर देशांत काय झालं?

नेदरलँड्समध्ये मजूर पक्ष २०१२ मध्ये उजव्यांसोबत सरकारमध्ये गेला आणि कपातीत सहभागी झाला. त्याची मतं २४.८ टक्क्यांवरून २०१७ मध्ये ५.७ टक्क्यांवर आली. आयर्लंडचा मजूर पक्ष २०११ मध्ये १९.४ टक्क्यांवर होता, सरकारमध्ये पाच वर्षं काढल्यावर ६.६ टक्क्यांवर. फ्रान्समध्ये २०१२ ला राष्ट्राध्यक्षपद जिंकणाऱ्या समाजवादी पक्षाच्या उमेदवाराला २०१७ मध्ये ६.४ टक्के मतं मिळाली.

पोर्तुगालचं चित्र मात्र वेगळं राहिलं. तिथे कर्जाचा करार २०११ मध्ये समाजवादी सरकारनेच केला, पण कपात राबवली ती नंतर आलेल्या उजव्या सरकारने. २०१५ मध्ये समाजवादी नेते अंतोनियो कोस्टा यांनी इतर डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर सरकार बनवलं, कापलेले पगार टप्प्याटप्प्याने परत केले आणि किमान वेतन ५०५ युरोंवरून २०१९ पर्यंत ६०० युरोंवर नेलं. २०२२ मध्ये त्यांना स्पष्ट बहुमत मिळालं. पुढे २०२४ मध्ये सत्ता गेली, पण पासोकसारखा सफाया झाला नाही. सुरी कुणाच्या हातात होती, हे मतदार विसरत नाही एवढं यातून दिसतं.

आज परिस्थिती काय आहे?

२०१८ मध्ये ग्रीस कर्जाच्या कार्यक्रमातून बाहेर पडला. अर्थव्यवस्था वाढतेय, बेरोजगारी खूप कमी झालीय. पण २०१२ मध्ये कापलेलं किमान वेतन ७५१ युरोंच्या पुढे जायला एप्रिल २०२३ उजाडलं. म्हणजे ११ वर्षं, आणि तोवर महागाई वाढली ती वेगळीच.

लोकांचा राग संपलेला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेंपी इथे दोन रेल्वेगाड्यांची टक्कर होऊन ५७ जण मेले. रेल्वेतली अपुरी माणसं आणि रखडलेली सिग्नल यंत्रणा यांच्याबद्दल कामगार संघटना आधीपासून इशारा देत होत्या. अपघाताला दोन वर्षं झाली त्या दिवशी, २८ फेब्रुवारी २०२५ ला, देशभर संप झाला आणि लाखो लोक रस्त्यावर उतरले.

सिंताग्मा चौक २०१० सारखाच पुन्हा भरला होता. तेव्हा त्या गर्दीतल्या अनेकांनी पुढे सिरिझाला मत देऊन पाहिलं. आता संसदेत डाव्या पक्षांचे अनेक तुकडे आहेत आणि पासोक हा प्रमुख विरोधी पक्ष आहे. तोही कुणी भरभरून मतं दिली म्हणून नाही. सिरिझाचे खासदार फुटून गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हा मान पासोककडे आपोआप आला.